काठावरची माणसं दाखवा

मराठी चित्रपटांच्या दिग्दर्शकांना आणि फाइट मास्टरांना,



मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. सिनेमाच्या धंद्याशी माझा संबंध तिकिटापुरता. तरीही हे पत्र लिहायला बसलो, त्याला कारण मधल्या सुट्टीत झालेलं एक भांडण.

पाचवी-सहावीची पोरं पटांगणात सुपरहिरो-सुपरहिरो खेळत होती. एकानं दुसऱ्यावर हात रोखला, तोंडानं आवाज काढला आणि ओरडला, "मेला ना बे तू!" दुसरा जागचा हलला नाही. "नाही मेलो. माह्यात शक्ती आहे." मग तिघांनी मिळून त्याला घेरलं. तरी तो म्हणे, "मले काहीच होत नसते." पुन्हा घेरलं, पुन्हा तेच. शेवटी सगळ्यात लहान पोरगं वैतागून म्हणालं, "रडीचा डाव हाये हा. आमी नाही खेळत मंग." आणि सगळे निघून गेले. ज्याला काहीच होत नव्हतं तो पटांगणाच्या मधोमध एकटा उभा राहिला.

सुपरहिरोच्या सिनेमातली मारामारी का पडते, याचं अर्धं उत्तर त्या पोरानं देऊन टाकलं होतं. उरलेलं अर्धं शोधताना मला दादासाहेब फाळक्यांपर्यंत मागे जावं लागलं. ते सारं तुमच्यापुढे ठेवतो.

तुमच्याचपुढे का? २०१५ साली निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदेला मुखवटा चढवला, घोड्यावर बसवलं आणि 'बाजी' केला. मराठीत सुपरहिरो उभा करायचा, हे धाडस होतं आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. त्यानंतर मात्र त्या वाटेनं आपल्याकडे फारसं कुणी गेलं नाही. दरम्यान केरळात एका खेड्यातल्या शिंप्यावर वीज पडली आणि 'मिन्नल मुरली' झाला. तेलुगूत 'हनुमान' आला. आमचा जिल्हा तेलंगणाला लागून; पैनगंगेपलीकडचे सिनेमे इकडच्या पोरांना तोंडपाठ असतात. उद्या ना परवा तुमच्यापैकी कुणीतरी पुन्हा मराठी सुपरहिरो करणार, हे मी धरून चाललो आहे. त्या वेळी मारामारी कशी बसवायची, एवढंच माझं मागणं आहे.

आधी काठाबद्दल बोलतो.

१९१९ सालचा 'कालिया मर्दन' आठवा. फाळक्यांनी तो नाशिकला, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी केला. कृष्ण झाली त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी, जेमतेम सहा-सात वर्षांची. सुरुवातीला फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात, वेगवेगळे भाव करणारा. मग तोच चेहरा कृष्णाचा होतो. म्हणजे हे लेकरू आहे, ही गोष्ट त्यांनी प्रेक्षकाच्या मनात आधीच पक्की केली. शेवटी ते लेकरू डोहात उडी घेतं आणि नागाशी झुंजतं. तेव्हा फाळके आपल्याला नुसतं पाण्यात ठेवत नाहीत, काठावरही नेतात. तिथे गोकुळ जमलेलं आहे, जिवाच्या आकांतानं डोहाकडे बघतं आहे. आजच्या पोराला तो नाग खोटा वाटेल. काठ खोटा वाटत नाही. आपल्या मातीतल्या, पडद्यावरच्या सुरुवातीच्या मोठ्या अद्भुत झुंजींपैकी ही एक, आणि तिचा जीव काठावरच्या माणसांत आहे.

पंच्याऐंशी वर्षांनी सॅम रेमीनं 'स्पायडरमॅन २'मध्ये नेमकं हेच केलं. डॉक्टर ऑक्टोपसशी आगगाडीच्या टपावर चाललेली ती लढाई जगभर नावाजली गेली. पण ती लोकांच्या मनात राहिली ती ठोशांमुळे राहिली असं मला वाटत नाही. ऑक्टोपस गाडीची यंत्रणा मोडून निघून जातो. आता लढायला समोर कुणीच नसतं, असते ती फक्त धावती गाडी आणि तिच्यातली माणसं. मुखवटा गेलेला पोरगा जाळी ताणून, अंगाच्या चिंध्या होईस्तोवर गाडी थांबवतो आणि कोसळतो. मग डब्यातली माणसं त्याला हातांवर झेलतात, डोक्यावरून आत नेतात, आणि एकजण म्हणतो की हा तर नुसता पोरगा आहे. थोड्या वेळानं हीच साधी माणसं ऑक्टोपसच्या आडवी उभी राहतात. गोकुळच ते. फक्त डब्यात बसलेलं.

आता उलटं उदाहरण घ्या. २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन आणि झॉड एकमेकांना इमारतींच्या आरपार फेकतात. मजल्यांवर मजले कोसळतात. पण त्या मजल्यांत कोण होतं? कळत नाही. काचा, सिमेंट आणि धूळ यांचा तो पाऊस पाहताना पाच मिनिटांत मन बधिर होतं. त्याच दिग्दर्शकानं, झॅक स्नायडरनं, २०१६च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'च्या सुरुवातीला तोच विध्वंस पुन्हा दाखवला. या वेळी कॅमेरा रस्त्यावर उतरला. ब्रूस वेन धुळीच्या लोटात धावत सुटतो. त्याचा एक माणूस ढिगाऱ्याखाली पाय अडकून पडलेला. एक पोर उघड्यावर उभी, तिच्या डोक्यावर लोखंड कलंडतंय. ठोसे तेच, इमारती त्याच, शहर तेच. पहिल्या वेळी मी घड्याळ पाहिलं होतं आणि दुसऱ्या वेळी हात खुर्चीला आवळले गेले. दिग्दर्शक एकच होता, म्हणून यातून मिळणारा धडा अगदी स्वच्छ आहे. त्यानं काठ बदलला.

काठ म्हणजे नुसती बघणारी माणसं नव्हेत. कॅमेरा कुठे उभा राहतो, हाही काठच. ही गोष्ट मला सिनेमाआधी दंगलीनं शिकवली.

आमच्याकडे यात्रेत कुस्त्यांची दंगल असते. माणसं आखाड्याभोवती मातीत फतकल मारून बसतात, उरलेली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि झाडावर. डफडं वाजत असतं. दोन पैलवान भिडतात आणि पुष्कळ वेळ नुसती खडाखडी चालते. बाहेरून आलेल्याला वाटेल, काहीच होत नाही. पण शेजारचा म्हातारा कोपरानं ढोसून सांगतो, "पाय पाय त्याचे. डावा पाय मांगं घेऊन राहिला." त्याला दिसलेलं असतं की हा आता पट काढणार. मनगटाची पकड सुटली, खांदा खाली गेला, श्वास फुलला, हे सगळं आखाड्याभोवतीचा माणूस वाचत असतो. म्हणून ढाक बसून पैलवान चीत होतो तो क्षण डोळ्याचं पातं लवण्याएवढा असला, तरी त्यामागे दहा मिनिटांचं वाचन असतं. आरोळी उठते ती त्या वाचनातून.

सिनेमात ही वाचायची सोयच काढून घेतली जाते. दर अर्ध्या सेकंदाला दृश्य तुटतं. कॅमेरा कधी मुठीपाशी, कधी जबड्यापाशी. कोण कुठे उभा आहे, भिंत किती लांब, दार कुठल्या बाजूला, काहीच उमगत नाही. आवाज मात्र मोठा. मोठ्या आवाजानं धाक बसतो, वाचन होत नाही. जॅकी चॅनच्या लढाया इतक्या टिकल्या, कारण तो कॅमेरा दंगलीतल्या माणसासारखा थोडा मागे उभा करतो. फटका मारणारा आणि फटका खाणारा एकाच चौकटीत दिसतात. त्याच्या पथकात तयार झालेला फाइट मास्टर ब्रॅड अॅलन २०२१च्या 'शांग-ची'ला लाभला होता. त्यातली बसमधली मारामारी पुन्हा बघा. बसचा लांबोडका सांगाडा, दोन डब्यांमधला भात्यासारखा जोड, निकामी झालेले ब्रेक, दांड्याला लटकणारे प्रवासी. जागा आधी समजते, मग त्या जागेचा वापर होतो. २०१४च्या 'विंटर सोल्जर'मधली लिफ्टची मारामारी तर एका खोक्यात होते. पण ती सुरू होण्याआधी लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते, एकेक माणूस आत येतो, जागा कमी होत जाते, कुणाच्या तरी कानशिलावर घाम दिसतो. ही सिनेमातली खडाखडी. ती काढून टाकली की मागे राहतो नुसता धिंगाणा.

आता रडीच्या डावाकडे येतो.

शक्तीला हद्द नसेल तर खेळ मोडतो. ही हद्द आधी सांगावी लागते आणि मग पाळावी लागते. महेश कोठाऱ्यांचा 'झपाटलेला' १९९३चा. रामदास पाध्यांनी हलवलेला हातभर बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि सगळा महाराष्ट्र घाबरला. बाहुल्याला कुणीही लाथेनं उडवू शकतं. मग भीती कशाची? त्या गोष्टीचे नियम पक्के होते. बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला तिथे अडकून राहायचं नाही, त्याला नायकाचं, लक्ष्याचंच शरीर हवं, आणि त्याला मारायचं तर गोळी भुवयांच्या मधोमध बसायला हवी. एवढं कळल्यावर शेवटच्या झटापटीत सगळं थिएटर त्या दोन बोटं जागेकडे बघत बसतं.

१९८७चा 'मिस्टर इंडिया' घ्या. ज्याला कुणी पाहूच शकत नाही, त्याच्याशी लढणार कोण? ही तर रडीच्या डावाची हद्द झाली. पण लाल उजेडात तो दिसतो, एवढी एक फट ठेवली आणि प्रत्येक लाल काच धोक्याची झाली. शिवाय त्या मारामाऱ्यांत नायक दिसत नसल्यामुळे फाइट मास्टर वीरू देवगण यांना सगळी मारामारी समोरच्यांच्या अंगावर उभी करावी लागली. ठोसा अदृश्य आणि परिणाम डोळ्यांसमोर. प्रतिक्रिया ही मारामारीची अर्धी कला असते, हे फाइट मास्टरांना मी सांगायला नको. आणि वासन बालाच्या 'मर्द को दर्द नहीं होता'चा नायक तर त्या पटांगणातल्या पोरासारखाच, त्याला दुखतच नाही. पण बालानं त्याला पाण्याचा घोट सतत घ्यायला लावला. पाणी संपलं की त्याचं अंग हार खातं. दुखत नसलेल्या माणसालाही तहान लागते, आणि तेवढ्यानं तो आपला होतो.

हद्दीबरोबर हेतू हवा. समोरच्याला आडवं करणं हा फार कच्चा हेतू आहे. आपल्या आठवणीतली सर्वांत मोठी झुंज कोणती? घोडखिंड, १३ जुलै १६६०. बाजीप्रभूंना सिद्दीचं सैन्य संपवायचं नव्हतं, ते शक्यही नव्हतं. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरून ठेवायची आणि पोचल्याची खूण म्हणजे तोफांचे आवाज. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगतो आणि दर वर्षी एक गंमत पाहतो. तलवारींचं वर्णन चालू असताना पोरं चुळबुळतात. "अजून तोफ झाली नाही" म्हटलं की वर्ग गप्प होतो. पन्नास पोरांचे कान विशाळगडाकडे लागतात. बघा, लढणारा माणूस खिंडीत आणि आपलं चित्त कित्येक मैल लांबच्या गडावर. मारामारीला अशी एक तोफ हवी, जिची वाट बघत प्रेक्षक तिच्यात अडकून पडतो. प्रतापगडची भेट तर खुद्द झटापटीत काही क्षणांची. पण शामियाना, बरोबर किती माणसं, हत्यारं कुणी कुठे ठेवायची याच्या वाटाघाटी, अंगरख्याखालचं चिलखत, मुठीतली वाघनखं, आणि ऐन वेळी पुढे सरसावलेला जिवा महाला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण आजही वापरतो, कारण त्या प्रसंगात महाराजांनाही कुणाची तरी गरज पडली होती. ज्याला कुणाचीच गरज लागत नाही अशा नायकासाठी मराठी माणसानं एकही म्हण केलेली नाही.

तिसरी गोष्ट शरीराची. लढणाऱ्याला दमताना पाहिल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. संगणकावर तयार झालेला नायक ढगातून येतो, डोंगर फोडतो आणि त्याच्या केसाची बट हलत नाही. त्याला वजनच नसतं. २०१५च्या 'डेअरडेव्हिल' या मालिकेत एका बोळातली मारामारी आहे. एका मुलाला सोडवायला गेलेला नायक दोन ठोसे मारतो आणि भिंतीला टेकून श्वास घेतो. पडलेले गुंड उठतात, पुन्हा पडतात. दोन्ही बाजू दमलेल्या. शेवटी तो त्या पोराला कडेवर घेऊन बाहेर येतो, तेव्हा त्याच्या दमण्याचा मोबदला आपल्याला मिळतो.

पण शरीर खरं दाखवायचं म्हणजे खरं मारायचं, असा अर्थ कुणी घेऊ नये. आपल्या सिनेमानं त्याची किंमत मोजली आहे. भगवानदादा पालव आमच्या शेजारच्या अमरावतीत जन्मलेले, गिरणी कामगाराचा मुलगा. गिरणगावातल्या प्रेक्षकांसाठी त्यांनी स्वस्तातले मारामारीचे सिनेमे केले आणि ते लोकांनी डोक्यावर घेतले. १९४२ साली एका चित्रीकरणात त्यांना ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची होती. हात खरोखर जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, पुढे काही वर्षं उपचार चालले, आणि त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. पुढे जी खाष्ट सासू सगळ्या देशानं पाहिली, तिच्या त्या मिटल्यासारख्या डोळ्यामागे ही थोबाडीत आहे. मारल्यासारखं दिसावं आणि लागू नये, यासाठीच तर फाइट मास्टरांची विद्या आहे. तिला आपण कारागिरीचा मान दिला पाहिजे. राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला तो थेट २०१६च्या सिनेमांपासून. पहिला मिळाला पीटर हेन यांना, 'पुलिमुरुगन' या वाघाशी झुंजणाऱ्या माणसाच्या मल्याळम सिनेमासाठी. त्याआधीची कित्येक दशकं उड्या मारणाऱ्यांची नावंही आपण वाचली नाहीत.

पैसा नाही म्हणून मराठीत हे जमत नाही, असं कुणी म्हणालं की मला दोन गोष्टी आठवतात. पहिली, १९३५ची 'हंटरवाली'. वाडिया मूव्हीटोननं मुंबईत नादियाला मुखवटा दिला, हातात चाबूक दिला. सुपरमॅनचं पहिलं चित्र छापलं गेलं १९३८ साली, म्हणजे आपली मुखवटेवाली बाई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. संगणक नव्हता. नादिया स्वतः उड्या घ्यायची, आणि ते प्रेक्षकाला कळायचं. दुसरी आठवण मालेगावची. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट २००८चा. नासिर यांचा सुपरमॅन शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा बारीक. कॅमेरा हलवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. त्यात सुपरमॅन उडतो तेव्हा तो उडत नाही हे प्रत्येकाला दिसतं. तरीही डोळे हलत नाहीत, कारण त्या अंगाचं वजन खरं आहे आणि काठावर उभं गाव खरं आहे. शफीक पुढे थोड्याच काळात कर्करोगानं गेले. मालेगावच्या त्या पडद्यावर ते अजून उडत आहेत.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. मारामारीसाठी जागा शोधत असाल तर आमच्याकडे भरपूर आहेत. मूर्तिजापूरपर्यंत जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ आहेत, इंग्रजी काळात कापूस वाहायला टाकलेले. गाडी आता धावत नाही. वणीच्या कोळसा खाणी आहेत. टिपेश्वरचं जंगल आहे. धोका म्हणजे काय तेही आम्हाला माहीत आहे. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघिणीच्या भीतीनं माणसं घोळक्यानं शेतात जात होती, दिवस मावळायच्या आत परतत होती. बहुतेकांनी ती वाघीण कधी पाहिलीच नव्हती. २ नोव्हेंबरला ती मारली गेली. त्या दिवसांत ज्यानं ज्यानं रात्री पऱ्हाटीची सळसळ ऐकली, त्याला खलनायक पडद्यावर कितीदा आणावा हे शिकवावं लागत नाही. कमीत कमी आणावा. आणि आणाल तेव्हा त्यालाही काही दुःख द्या. 'मिन्नल मुरली'तला शिबू लक्षात राहतो, कारण एकाच विजेनं दोघांना शक्ती दिली आणि गावानं मात्र त्याला आयुष्यभर वेडा ठरवलं. त्याचा राग कुठून आला हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून त्याच्यावर उगारलेला प्रत्येक हात जड होतो.

मला एक प्रसंग बरेच दिवस दिसतो आहे, तो तुम्हाला देऊन टाकतो. कुणीही घ्यावा.

जिनिंगचं आवार, माघाचे दिवस. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या बंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे. शेतकरी रात्रभर मुक्कामाला, अंगावर घोंगडी, काटा कधी होईल याची वाट बघत. आत कापसाच्या गंज्या, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. पलीकडे रुईच्या गठाणी बांधलेल्या. हवेत बारीक रुई तरंगते, दिव्याभोवती धुकं वाटावं इतकी. इथे विडी ओढायला बंदी. ठिणगी पडली की संपलं.

तुमच्या नायकाच्या हातात आग आहे असं समजा. सगळ्या सिनेमाभर त्यानं ती वापरली आहे. आता खलनायक त्याला इथे गाठतो. नायकाच्या तळहातात आग आहे आणि ती त्याला वापरता येत नाही, कारण भोवती जे रचलंय ते बाहेर थंडीत बसलेल्यांचं वर्ष आहे. त्यात कुणाच्या मुलीचं लग्न आहे, कुणाचं कर्ज आहे. खलनायकाच्या एका खिशात काडेपेटी. पाय गंजीत गुडघ्यापर्यंत रुततात, म्हणून उडी नाही, पळ नाही. ठोसा मारला तर माणूस कापसात बुडतो, आवाज येत नाही. श्वासात रुई जाते, खोकला येतो. अंगात सूर्याएवढी शक्ती आणि तरी नायकाला आमच्या दंगलीतल्या पोरासारखं कमरेला धरून, पट काढून, मनगट दाबून लढावं लागतं. आणि त्या काडेपेटीवरून आपली नजर हलत नाही. फाटकाच्या जाळीला चेहरे लावून माणसं उभी आहेत. आत जाता येत नाही, कारण हातात कंदील आहेत आणि ते आत न्यायचे नाहीत. ती नुसती बघतात.

यात कुठेही इमारत पडत नाही. खर्च एका आवाराचा. तरीही यवतमाळच्या थिएटरात हे दृश्य चालू असताना कुणी पाणी प्यायला उठणार नाही, असं मी खात्रीनं सांगतो. कारण कापूस जळणं म्हणजे काय हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते ठाऊक नसेल, तर जाळीमागचे चेहरे त्याला सांगतील.

फाइट मास्टरांना माझी आणखी एक विनंती आहे. परदेशी तालमी जरूर शिका, पण आपल्या आखाड्यांतही फिरा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं होतं. मल्लखांबावर उलटं लटकणारी पोरं, दांडपट्टा, फरीगदगा, कुस्तीचे शेकडो डाव. मराठी शरीर कसं वळतं, कसं झेलतं, कसं पडतं, हे तिथे आजही बघायला मिळतं. मराठी सुपरहिरो उडेल तेव्हा उडो. तो जमिनीवर उभा राहील तेव्हा त्याच्या पायात आमच्या आखाड्याची माती दिसली पाहिजे.

पटांगणातल्या त्या पोरांचं पुढे काय झालं ते सांगून आवरतं घेतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा डाव मांडला. शक्तीवाल्या पोरानं स्वतःहून एक अट कबूल केली: त्याची शक्ती पिंपळाच्या सावलीतच चालणार. आणि पाचवीतल्या दोन पोरी सावलीच्या बाहेर, उन्हात, पकडून ठेवलेल्या. त्यांना सोडवायला त्याला शक्ती टाकून बाहेर यावं लागणार होतं. घंटा झाली तरी कुणी वर्गात यायला तयार नव्हतं. मी पाच मिनिटं उशिरानं बोलावलं.

एवढंच तुम्हालाही सांगायचं आहे. मारामारीचं दृश्य लिहायला घ्याल तेव्हा ठोसे नंतर मोजा, केबल नंतर बांधा, संगणकवाल्यांना नंतर बोलवा. आधी काठावर कोण उभं आहे ते ठरवा. ते ठरलं की मग नायकाला डोहात उतरवा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातला एक शाळामास्तर